आफ्रिकेचा कवी इंग्रजीत लिहितो, मग ती कविता आफ्रिकेची कशी?

प्रश्न : मी चिखली तालुक्यातल्या शाळेत मराठी शिकवते. अलीकडे आफ्रिकी कवितेविषयी वाचताना लक्षात आले, की तिथले नावाजलेले बरेच कवी इंग्रजी किंवा फ्रेंचमध्ये लिहितात. ज्यांनी राज्य केले त्यांच्याच भाषेत लिहिलेली कविता आफ्रिकेची कशी म्हणायची? यावरून आपल्या बुलढाणा जिल्ह्याचा विचार मनात आला. ना. घ. देशपांडे मेहकरचे, पण त्यांची कविता वऱ्हाडीत नाही. विठ्ठल वाघांनी मात्र वऱ्हाडीत लिहिले. मग अस्सल आपल्या मातीची कविता कोणाची?

उत्तर : बाई, तुमच्या प्रश्नात दोन गाठी एकात एक अडकल्या आहेत. कवी कोणत्या भाषेत लिहितो ही एक, आणि त्या भाषेत तो कसा बोलतो ही दुसरी. पहिली सुटली की दुसरी आपोआप सुटते असे आपण धरून चालतो. प्रत्यक्षात तसे होत नाही, आणि आफ्रिकेच्या गेल्या साठ-सत्तर वर्षांच्या कवितेत हे फार स्पष्ट दिसते.

आधी दोन गैरसमज बाजूला करू. आफ्रिकेची अशी एक भाषा नाही. त्या खंडात अंदाजे दोन हजार भाषा बोलल्या जातात आणि एकट्या नायजेरियात सुमारे पाचशे. त्यामुळे ‘त्यांनी आपल्या भाषेत का लिहिले नाही’ असे विचारताना कोणती भाषा, हे आधी ठरवावे लागते. तिथल्याच योरुबा भाषेत लिहिलेली कविता शेजारच्या इग्बो माणसाला कळेलच असे नाही. इंग्रजीतली मात्र शाळा शिकलेल्या दोघांनाही कळते.

दुसरा गैरसमज असा, की गोरे लोक येण्यापूर्वी तिथे लिहिण्याची परंपराच नव्हती. इथिओपियात गीझ भाषेचे ग्रंथ त्यांच्या स्वतःच्या लिपीत शतकानुशतके लिहिले जात होते. पूर्व किनाऱ्यावर स्वाहिली कविता अरबी लिपीत लिहिली जाई. ‘तांबुका’च्या स्वाहिली महाकाव्याचे हस्तलिखित 1728 सालचे आहे. म्हणजे अटकेपार झेंडे लागण्याच्या तीस वर्षे आधी तिकडे हजाराहून अधिक कडव्यांचे काव्य कागदावर उतरले होते.

मग इंग्रजी-फ्रेंच आली कशी? शाळेतून. केनियाचे लेखक न्गुगी वा थिओंगो यांनी आपल्या शाळेची आठवण लिहून ठेवली आहे. 1952 मध्ये तिथे आणीबाणी लागली, शाळा इंग्रजांच्या ताब्यात गेल्या आणि गिकुयू ही घरची भाषा शाळेच्या आवारात गुन्हा ठरली. गिकुयू बोलताना सापडलेल्या मुलाला छड्या मिळत, किंवा ‘मी गाढव आहे’ अशा अर्थाची पाटी गळ्यात अडकवावी लागे. ज्या मुलाने लिहायला-वाचायला शिकताना हे भोगले, त्याच्या हातात पुढे लेखणी आली तेव्हा ती इंग्रजीकडे वळली यात नवल नाही. लिहिण्याची सवय ज्या भाषेत लागते, तीच भाषा कागद पाहिल्यावर आधी पुढे येते.

दुसरे कारण बाजाराचे, आणि ते सहसा लक्षात घेतले जात नाही. युगांडाचे ओकोट प’बिटेक यांनी ‘लाविनोचे गाणे’ हे दीर्घकाव्य आधी अचोली या आपल्या मातृभाषेत रचले. पण पुस्तक म्हणून आधी छापले गेले ते त्यांनीच केलेले इंग्रजी रूप, 1966 मध्ये, नैरोबीहून. अचोली मूळ तीन वर्षांनी, 1969 मध्ये आले. झुलू कवी माझिसी कुनेने यांची गोष्ट याहून लांबची. दक्षिण आफ्रिकेतल्या वर्णद्वेषी राजवटीमुळे ते देशाबाहेर राहिले. शाका राजावरचे त्यांचे महाकाव्य झुलूत लिहिलेले, पण जगाने ते आधी वाचले ते 1979 च्या इंग्रजी भाषांतरात. मूळ झुलू पुस्तक 2017 मध्ये प्रसिद्ध झाले. तोवर कुनेने यांना जाऊन अकरा वर्षे झाली होती. तेव्हा मुखपृष्ठावर इंग्रजी दिसली म्हणून कवीने मायबोली सोडली असे ठरवण्याआधी, मायबोलीतले पुस्तक छापायला कोण तयार होते, हेही विचारावे लागते.

या प्रश्नावर तिकडे मोठा वाद झाला. 1962 मध्ये युगांडातल्या मकेरेरे इथे आफ्रिकी लेखकांची परिषद भरली, पण ती इंग्रजीत लिहिणाऱ्यांपुरती. इंग्रजीत दोन-चार कथा छापून आलेला विद्यार्थी तिथे बसू शकत होता आणि स्वाहिलीचे थोर कवी शाबान रॉबर्ट यांना त्या व्याख्येत जागा नव्हती. पुढच्याच वर्षी नायजेरियाच्या ओबी वाली यांनी लिहिले, की परक्या भाषेची ही वाट पुढे बंद होणार आहे. चिनुआ अचेबे यांचे म्हणणे वेगळे होते. त्यांच्या मते इंग्रजी आफ्रिकेच्या अनुभवाचे ओझे पेलू शकेल, मात्र त्यासाठी ती इंग्रजी वाकवून नवी करून घ्यावी लागेल. न्गुगी या वादात शेवटपर्यंत ओबी वालींच्या बाजूचे राहिले. त्यांनी कादंबऱ्या गिकुयूत लिहायला घेतल्या, त्यांतली पहिली तुरुंगात, शौचालयाच्या कागदावर.

हा वाद आपल्याला परका वाटायचे कारण नाही, कारण असाच एक निर्णय आपल्या विदर्भात तेराव्या शतकात झाला. चक्रधरस्वामींचा वावर मेहकर-लोणार भागात होता, हे लीळाचरित्रातच येते. त्यांच्यामागे महानुभाव पंथाची धुरा नागदेवाचार्यांकडे आली. केशोबास हे पंथातले संस्कृतचे जाणकार, त्यांना संस्कृतात ग्रंथ रचायचा होता. नागदेवाचार्यांनी त्यांना थांबवले. चक्रधरांनी मला मराठीतच सांगितले आहे आणि संस्कृतात लिहिलेस तर माझ्या म्हाताऱ्या नागवल्या जातील, असे त्यांनी बजावल्याचे ‘स्मृतिस्थळ’ या पंथाच्या ग्रंथात नोंदले आहे. संस्कृत उच्च की मराठी उच्च, हा त्यांचा मुद्दाच नव्हता. ऐकणारे कोण, एवढेच त्यांनी पाहिले. आफ्रिकेतल्या वादातही मला हाच कस सर्वांत खरा वाटतो : कवीने लिहिताना कोणाचा कान समोर धरला?

आता दुसरी गाठ, शैलीची. कवीने इंग्रजी निवडली तरी तो आपल्या लोकांचा कान समोर ठेवू शकतो का? ठेवू शकतो. मात्र ते सोपे नसते.

योरुबा, इग्बो, एवे या भाषांत स्वराच्या चढ-उताराने शब्दाचा अर्थ बदलतो. योरुबात तर वरचा, मधला आणि खालचा असे तीन स्वर आहेत. म्हणूनच तिथला बोलका ढोल माणसांची नावे आणि म्हणी वाजवून दाखवतो आणि ऐकणाऱ्याला त्या कळतात. इंग्रजीत हा चढ-उतार नेता येत नाही. तो वाटेतच गळतो. मग कवी उरलेल्या गोष्टी घेऊन जातो : एकाने म्हणायचे आणि बाकीच्यांनी झेलायचे अशी मांडणी, त्याच ओळीचे थोडे बदलून परत येणे, राजाला-देवाला लावायच्या बिरुदांची माळ, वाक्याच्या मध्येच घातलेली म्हण. हे सारे शब्दकोशात सापडत नाही. ते वाक्याच्या चालीत असते, आणि चाल एका भाषेतून दुसरीत नेता येते.

घानाचे कोफी अवूनोर यांचे उदाहरण घ्या. त्यांची आजी मरणाच्या प्रसंगी शोकगीते म्हणणारी होती. एवे लोकांत ही शोकगीतांची मोठी परंपरा आहे. अवूनोर यांनी इंग्रजीत लिहिताना त्या गाण्यांची रचनाच उचलली. गेलेल्यांना थेट हाक मारायची, घराची मोडतोड एकेक करून मोजायची, पूर्वजांना निरोप पाठवायचा. आपल्याकडेही म्हाताऱ्या बाया मयताच्या वेळी रडताना बोल लावतात, गेलेल्याला नावाने हाक देऊन संसाराचा हिशेब मांडतात. ते ज्याने ऐकले आहे त्याला अवूनोर यांची कविता इंग्रजीतूनसुद्धा ओळखीची वाटेल.

सेनेगलचे लिओपोल्ड सेंघोर फ्रेंचमध्ये लिहीत. ते देशाचे पहिले राष्ट्राध्यक्ष झाले आणि 1983 मध्ये फ्रेंच अकादमीवर निवडून आलेले पहिले आफ्रिकी ठरले. इतके फ्रेंच झालेला माणूस, पण त्यांच्या अनेक कवितांच्या माथ्यावर त्या कोणत्या वाद्याबरोबर म्हणायच्या, कोरा की बालाफोन, हे लिहिलेले असते. आपल्या जुन्या पदांच्या पुस्तकांत ‘चाल’ म्हणून एक ओळ असे, तशीच ही सूचना. भाषा फ्रेंच असली तरी वाचणाऱ्याच्या कानात वाद्य सेनेगलचे वाजावे, ही त्यामागची इच्छा.

पण या सगळ्यांत मला सर्वांत जवळचे वाटते ते ओकोट प’बिटेक यांचे लाविनोचे गाणे. लाविनो ही खेड्यातली, न शिकलेली बायको. नवरा ओकोल शिकून आला आहे आणि आता त्याला तिचे बोलणे, तिचे केस, तिचा स्वयंपाक, तिचा नाच सगळे रानटी वाटते. त्याने दुसरी, पावडर लावणारी, इंग्रजी बोलणारी बाई धरली आहे. लाविनो त्याच्याबद्दल गावाला सांगते. ओळी आखूड आहेत, एका दमात म्हणता येतील एवढ्या. ती टोमणा मारते, थांबते, पुन्हा तोच टोमणा वेगळ्या टोकाने मारते. जुन्या घरठाण्यावरचा भोपळ्याचा वेल उपटू नये, अशा अर्थाची एक अचोली म्हण कवितेत पुन्हा पुन्हा येते. इंग्रज वाचकाला ती समजावून सांगण्यासाठी ओकोट थांबत नाहीत. परका वाचक अडखळला तर अडखळू दे, पण बाईचे बोलणे तुटू द्यायचे नाही, ही त्यांची भूमिका.

हे वाचताना आपल्याला बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे आठवायला हव्यात. त्यांची ‘स्त्रीपुरुषतुलना’ 1882 ची. ती गद्यात आहे आणि बाईने स्वतः लिहिलेली आहे, लाविनोसारखी पुरुषाने बाईच्या तोंडी घातलेली नाही, हे दोन मोठे फरक. पण घरात बोलावे तसे, समोरच्याला उभे करून, प्रश्नांवर प्रश्न विचारत, म्हणींचा मारा करत बोलणे दोन्हीकडे आहे. त्या काळचे विद्वान जी जड, संस्कृतने भरलेली मराठी लिहीत, ती ताराबाईंनी बाजूला ठेवली आणि म्हणून त्यांचा राग आजही ताजा वाचता येतो. शैलीचे सामर्थ्य कशात असते ते या दोघींना शेजारी ठेवून शिकवता येईल.

उलट उदाहरणही सांगायला हवे. नायजेरियाचे क्रिस्तोफर ओकिग्बो हे फार मोठे कवी, पण त्यांच्या सुरुवातीच्या कविता ग्रीक, लॅटिन आणि युरोपीय आधुनिकांच्या संदर्भांनी इतक्या दाटलेल्या, की त्यांच्या गावच्या माणसाला त्यांत शिरायला वाट नव्हती. 1980 मध्ये समीक्षक चिन्वेझू आणि त्यांच्या दोन सहलेखकांनी एका पुस्तकातून ओकिग्बो, वोले सोयिंका आदी नायजेरियन कवींवर याच कारणासाठी कडक टीका केली. सोयिंकांनी या मंडळींना आधीच सडेतोड उत्तर दिले होते : आफ्रिकी म्हणजे साधे, बाळबोध असा समज करून घेऊ नका, आमच्या परंपरेतही गूढ आहे. मर्ढेकरांवरून आपल्याकडे दुर्बोधतेचा जो वाद झाला तो ज्यांना ठाऊक आहे, त्यांना या भांडणातला प्रत्येक डाव ओळखू येईल. माझा कौल इथे सोयिंकांकडे झुकतो, पण पूर्ण नाही. कारण ओकिग्बोंनी स्वतःच आपली वाट बदलली. नायजेरियातल्या यादवीच्या तोंडावर लिहिलेल्या शेवटच्या कवितांत त्यांनी ढोलाच्या तालाची, गर्दीपुढे उभे राहून म्हणावी अशी उघडी भाषा घेतली. 1967 मध्ये फुटून निघालेल्या बियाफ्राच्या बाजूने लढताना ते मारले गेले. त्यांच्यानंतरच्या पिढीतले नियी ओसुंदरे, शेतकऱ्याचा मुलगा, त्यांनी तर बाजारात म्हणता यावी अशी कविता हेच ध्येय ठेवले आणि ती वर्तमानपत्राच्या सदरातून दर आठवड्याला लोकांपुढे नेली.

आता मेहकरकडे येऊ. ना. घ. देशपांडे यांचा जन्म 1909 चा, शाबान रॉबर्ट यांचाही 1909 चा. ना. घं.नी मेहकरला वकिली केली. ‘शीळ’ ही त्यांची कविता जी. एन. जोशींनी गायली आणि तिची ध्वनिमुद्रिका निघाली तेव्हा मराठी भावगीत घराघरांत जायला सुरुवात झाली. 1986 मध्ये ‘खूणगाठी’ला साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. त्याच वर्षी सोयिंकांना नोबेल मिळाले आणि न्गुगींचे भाषेच्या गुलामीवरचे प्रसिद्ध पुस्तकही त्याच वर्षी आले.

ना. घं.ची भाषा पुस्तकी प्रमाण मराठी आहे हे तुमचे निरीक्षण बरोबर. त्याचे कारणही आफ्रिकेतल्यासारखेच शाळेचे आणि छापखान्याचे आहे. कवितेची मासिके, प्रकाशक, समीक्षक बहुतेक पुण्या-मुंबईचे. क्रमिक पुस्तकांची मराठी तिकडची. वऱ्हाडातल्या मुलाला कविता म्हणून जे दाखवले गेले, त्यात वऱ्हाडी नव्हतीच. पण म्हणून ना. घ. इथले नव्हेत असे होत नाही. त्यांच्या कवितेतले रान, शिवार, त्यातून जाणारी बाई आणि तिच्या बोलण्यातला हेल ही शहरात बसून सुचणारी गोष्ट नाही. ‘कंचनीचा महाल’ ही त्यांची कविता तर मेहकरच्या पडक्या वास्तूवरच उभी आहे. प्रमाण भाषा घेऊन तिला गावची चाल लावणारा हा कवी आहे.

विठ्ठल वाघांनी उलट बाजूने सुरुवात केली. ते अकोला जिल्ह्यातले, पण आपल्या घाटाखालच्या शेतकऱ्याला आणि त्यांना वेगळे काढता येणार नाही. तिफण, माती, पेरणी हे विषय त्यांनी ज्या शब्दांत शेतकरी बोलतो त्याच शब्दांत मांडले. इथे वऱ्हाडी ही सजावट नाही. ‘काळ्या’ऐवजी ‘काया’ म्हटले की ओळीचा नादच बदलतो आणि पेरणी करणाऱ्याचा श्वास त्यात ऐकू येतो. प्रमाण मराठीत आणली तर तीच ओळ पांगळी होईल.

आणि वऱ्हाडी तरी एक कुठे आहे? तुम्ही चिखलीच्या, म्हणजे घाटावरच्या. मलकापूर-नांदुऱ्याकडे घाट उतरला की बोलणे बदलते, जळगाव खानदेशाकडे सरकले की आणखी बदलते आणि सिंदखेडराजा-देऊळगावराजाकडे मराठवाड्याची झाक येते. मेहकर-लोणारच्या तांड्यांवर गोरमाटी बोलतात. साखरखेर्ड्याचे अजीम नवाज राही उर्दू-दखनी बोलणाऱ्या समाजातून आले आणि मराठीत कविता लिहितात. खामगावच्या पुरुषोत्तम बोरकरांनी ‘मेड इन इंडिया’त वऱ्हाडीत मोडकी इंग्रजी मिसळून एक अख्खी कादंबरी लिहिली आणि अमडापूरच्या सदानंद देशमुखांच्या ‘बारोमास’ला 2004 मध्ये साहित्य अकादमी मिळाली, तिच्यातली माणसे आपल्या बोलीतच बोलतात. एका जिल्ह्यात भाषेचे इतके मार्ग आहेत. त्यांतला एकच अस्सल ठरवणे मला मान्य नाही. ना. घ. आणि वाघ दोघेही आपल्या मातीचे. एकाने चाल नेली, दुसऱ्याने बोल नेले.

प्रश्न : मुक्तछंद आफ्रिकेत पश्चिमेकडूनच आला का? त्यांचे स्वतःचे छंद होते का?

उत्तर : होते, आणि काटेकोर होते. स्वाहिलीतला उतेंझी हा छंद ऐकून तुम्हाला ओवी आठवेल. चार चरणांचे कडवे, प्रत्येक चरणात आठ अक्षरे. पहिले तीन चरण एका यमकाचे, चौथ्याचे यमक निराळे, आणि गंमत अशी की चौथ्या चरणाचे यमक काव्यभर तेच राहते. आपल्या ओवीतही पहिले तीन चरण यमकाने बांधलेले आणि चौथा आखूड, मोकळा. यावरून दोन्हींचा काही ऐतिहासिक संबंध होता असे म्हणू नये. कारण दोन्हीकडे सारखे होते एवढेच. लांबलचक कथा लोकांपुढे गाऊन सांगायची असेल, तर म्हणणाऱ्याला श्वास घ्यायला आणि ऐकणाऱ्याला कडवे संपल्याचे कळायला एक वेगळा चरण लागतो. तीन चरण पुढे ढकलतात, चौथा थांबवतो. ज्ञानेश्वरी वाचताना वर्गात हे मुलांना टाळ्या वाजवून दाखवता येईल.

सोमाली कवितेचा नियम तर आणखी अवघड. तिथे यमक शेवटी नसते. संपूर्ण कविता एकाच आद्य वर्णावर चालते, म्हणजे प्रत्येक ओळीत त्या वर्णाने सुरू होणारा शब्द आलाच पाहिजे, मग कविता शंभर ओळींची का असेना. सोमाली भाषेला अधिकृत लिपी मिळाली 1972 मध्ये. त्याआधी कविता पाठांतरावर जगली आणि असा बांधीव नियम पाठांतराला मदत करतो. 1979-80 मध्ये हद्रावी, गारिये आदी कवींनी ‘द’ या एकाच वर्णावर एकमेकांना उत्तरे देणाऱ्या कवितांची साखळी केली. ती राजवटीवर टीका करणारी होती आणि कॅसेटवरून देशभर पसरली.

मुक्तछंद मात्र नवा, आणि त्यावर तिकडेही भांडणे झाली. 1974 मध्ये टांझानियाच्या युफ्रेझ केझिलाहाबी यांनी स्वाहिलीत मुक्तछंदाचा संग्रह काढला तेव्हा जुन्या वळणाचे कवी म्हणाले, ही कविताच नव्हे. केझिलाहाबींची बाजू अशी, की लोक बोलतात ती लय मी घेतली आहे, ती काही युरोपातून आणलेली नाही. दोन्ही म्हणण्यांत तथ्य होते, आणि आज स्वाहिलीत दोन्ही प्रकार लिहिले जातात.

प्रश्न : वर्गात वऱ्हाडी कविता वाचली की मुले हसतात. काय करावे?

उत्तर : मुले हसतात याला मुले जबाबदार नाहीत. त्यांनी वऱ्हाडी ऐकली आहे ती टीव्हीवरच्या विनोदी पात्राच्या तोंडी आणि कविसंमेलनातल्या हशा वसूल करणाऱ्या तुकड्यात. ‘मले’, ‘तुले’ म्हणणारा माणूस मंचावर आला की तो हसवायलाच आला आहे, हे त्यांना शिकवले गेले आहे. न्गुगींच्या शाळेत पाटी गळ्यात अडकवली जायची. आपल्याकडे पाटी नसते, पण ‘मले’ म्हणणाऱ्या मुलाला वर्ग हसतो आणि शिक्षक सावरून घेत नाहीत, तेव्हा काम तेच होते. ते मूल नंतर बोलते कमी आणि लिहिते त्याहून कमी.

यावर उपाय साधा आहे. पहिल्या दिवशी हसवणारी कविता वाचूच नका. दुष्काळाची, कर्जाची, लेकीच्या पाठवणीची वऱ्हाडी कविता वाचा, आणि ती स्वतः सावकाश वाचा. बहिणाबाई चौधरींपासून सुरुवात केली तरी चालेल. त्यांच्या कविता 1952 मध्ये पुस्तकरूपाने आल्या तेव्हा प्रस्तावना लिहिणाऱ्या अत्र्यांना त्या बोलीतले सोने लगेच दिसले होते, आणि मलकापूरच्या बाजूच्या मुलांना ती बोली परकी नाही.

एक काम मात्र तुमच्यासारख्या शिक्षकांनीच करण्याजोगे आहे, म्हणून मुद्दाम विनवतो. आपल्या जळगाव जामोद तालुक्यात, सातपुड्याच्या पायथ्याशी, निहाली नावाची भाषा बोलली जाते. तिचे जगातल्या कोणत्याही दुसऱ्या भाषेशी नाते अजून सिद्ध झालेले नाही. ती मराठीची बोली नाही आणि शेजारच्या कोरकूचीही नाही. बोलणारे जेमतेम काही हजार, लिपी नाही, आणि घरातली मुले हळूहळू मराठी-कोरकूकडे वळत आहेत. आफ्रिकेच्या भाषांविषयी आपण जे वाचतो ते सगळे आपल्याच जिल्ह्यात घडते आहे. त्या भागात तुमची कोणी शिक्षक मैत्रीण असेल तर तिला सांगा : गावातल्या वयस्कर बायांची परवानगी घेऊन त्यांची गाणी मोबाइलवर ध्वनिमुद्रित करा, गाणे कोणत्या प्रसंगाचे ते सोबत लिहा आणि एक प्रत गावाकडेच ठेवा. तुमच्या वर्गातल्या मुलांनाही हेच काम आजीच्या ओव्यांसाठी देता येईल. त्यांतली काही या सदराकडे पाठवलीत तर बोलीला हात न लावता, जशी आली तशी छापू.